देहाचा नेम



येत्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावली जाईल आणि प्रायश्चित्तकाळ सुरू होईल. दरवर्षी या रविवारी आम्ही पत्रकाच्या या पानावर उपवास, प्रार्थना आणि दानधर्म यांविषयी लिहितो. या वर्षी चालण्याविषयी लिहिणार आहोत. आध्यात्मिक वाटचाल वगैरे नव्हे. पायांत बूट घालून, सकाळच्या वेळी, आपल्या गावाच्या रस्त्याने चालणे.

त्याचे कारण असे. जानेवारीत धर्मग्रामाचा वार्षिक अहवाल तयार करताना बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या आमच्यासमोर उघड्या होत्या. मृत्यूच्या वहीत वयाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात पन्नाशीच्या आसपासचे आकडे पुन्हा पुन्हा दिसू लागले तेव्हा आम्ही पेन खाली ठेवले. अपघात नाही, साथ नाही. कुठे हृदयविकार, कुठे पक्षाघात, कुठे मधुमेहाने निकामी झालेली मूत्रपिंडे. ही नुसती नावे नव्हती. यांच्या मुलांना आम्ही प्रथम कम्युनियन दिले होते, आणि यांतल्या काहींना रुग्णाभ्यंग संस्कार द्यायला रात्री-अपरात्री इस्पितळात धावत गेलो होतो.

त्यांपैकी एका घरी महिन्याच्या मिस्सेनंतर भेटीला गेलो होतो. निघताना त्या घरच्या बाईंनी आतून एक खोके आणले. आत नवे कोरे चालण्याचे बूट. त्या म्हणाल्या, “फादर, हे त्यांनी नवीन वर्षाला घेतले होते. तीन दिवस घातले असतील. कोणाला लागत असतील तर द्या, नऊ नंबर आहे.” थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, “डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनाही कळत होतं. रोज म्हणायचे, सोमवारपासून.”

हा ‘सोमवार’ आमच्याही ओळखीचा आहे. आमची साखर काठावर असल्याचे निदान झाल्याला बरीच वर्षे झाली. तेव्हापासून तीन वेळा आम्ही चालण्याचा निश्चय केला आणि तिन्ही वेळा तो मोडला. एकदा पावसाने, एकदा नोव्हेनाच्या धावपळीने, आणि एकदा तर काहीच कारण नसताना. नाताळात घरे आशीर्वादित करायला गेलो की प्रत्येक घरी केक, नेवऱ्या आणि कुलकुल यांचे ताट पुढे येते आणि ‘नको’ हा शब्द आम्हाला आठवत नाही. तेव्हा हे पान धडधाकट माणसाने अशक्तांना केलेला उपदेश आहे असे कोणी समजू नये.

आजच्या वाचनांकडे पाहा. पहिले वाचन बेन सिरा या ज्ञानी पुरुषाच्या पुस्तकातले आहे. देवाने तुझ्यापुढे अग्नी आणि पाणी ठेवले आहे, हात कुठे घालायचा ते तू ठरव, जीवन आणि मरण दोन्ही माणसासमोर आहेत, असा त्याचा आशय. म्हणजे निवड आपल्या हाती आहे. आणि शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो, शपथा घेऊ नका. हो म्हणायचे तर साधे हो म्हणा आणि ते पाळा. डोक्यावरचा एक केसही आपल्याला पांढरा किंवा काळा करता येत नाही, मग कशाच्या जोरावर शपथ घेता, असे प्रभू विचारतो. (केस काळे करण्याची सोय आता बाजारात मिळते हे आम्हाला ठाऊक आहे, पण महिनाभराने मुळाशी खरे काय ते दिसतेच.)

ही दोन वाचने शेजारी ठेवली की आपले व्यायामाचे निश्चय का मोडतात ते समजते. निवड तर आपण करतो, पण ती शपथेच्या रूपात. 31 डिसेंबरच्या रात्री भात बंद, साखर बंद, उद्यापासून रोज एक तास पळणार. बोलताना छाती भरून येते. शपथ जितकी मोठी तितका ती घेतानाचा आनंद मोठा, आणि गंमत अशी की त्या आनंदातच अर्धे काम झाल्यासारखे वाटते. मग चौथ्या दिवशी शेजारी साखरपुडा निघतो, पाचव्या दिवशी अंग दुखते, आणि शपथ मोडली की तिच्याबरोबर सगळेच मोडते. कारण शपथेत ‘थोडे’ असे काही नसते. ती एक तर पूर्ण असते नाही तर मोडलेली.

आपल्या आजी-पणजींनी शपथा घेतल्या नाहीत. त्यांच्याकडे दुसरा शब्द होता, ‘नेम’. संध्याकाळची आंजेलुसची घंटा झाली की ओट्यावरचे काम बाजूला ठेवून त्या माळ हातात घेत. मन लागो न लागो, घरात पाहुणे असोत नसोत. एखाद्या दिवशी डुलकी लागली, दोन रहस्ये राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी घंटेला पुन्हा बसत. ‘काल चुकले, आता माळ सोडूनच द्यावी’ असे त्यांच्यातली एकही म्हणाली नसेल. चालण्याचाही असा नेमच धरावा लागतो. आम्ही तीन वेळा आपटलो ते शपथ घेतली म्हणून, हे आम्हाला फार उशिरा कळले.

काही भाविक म्हणतील, फादर, आत्म्याचे सांगायचे सोडून हे काय? तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला प्लेटो भेटला. त्याला शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग वाटे. पुष्कळ ख्रिस्ती माणसे नकळत प्लेटोचेच शिष्य असतात. पण ख्रिस्तसभेने त्याचे हे मत स्वीकारले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी करिंथकरांच्या पहिल्या पत्रावर भाष्य करताना म्हटले आहे की, माझा आत्मा म्हणजे संपूर्ण मी नव्हे. शरीराशिवाय मी अपुरा आहे. म्हणून तर दर रविवारी श्रद्धासूत्रात आपण उभे राहून पुनरुत्थानावरचा विश्वास जाहीर करतो. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे संत पौलाने ज्या करिंथकरांना लिहिले, त्यांच्या गावाजवळ मोठे क्रीडासामने भरत, आणि त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात तो धावपटूंचा व मुष्टियोद्ध्यांचा दाखला देतो. तिमथीला मात्र तो बजावतो की शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा आहे, भक्तीचा सर्व बाबतींत आहे. थोडा म्हणजे शून्य नव्हे. (त्याच पत्रात पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यावा असेही आहे. ते वाक्य आपल्या लोकांना पाठ आहे. त्यातला ‘थोडा’ तेवढा विसरला जातो.)

आपल्या वसईच्या वाडवडिलांना व्यायामाची योजना आखावी लागली नाही. वाडीच त्यांची योजना होती. रहाटाचे पाणी, केळीची आळी, पानवेलीची मशागत, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीसाठी स्टेशन गाठणे. मिस्सेलाही पायीच. तेव्हा वाडग्याभर पेज आणि ताटभर भात पचत होता, कारण तो दिवसभरात खर्च होत होता. आज मोटारीचे बटण दाबले की पाणी येते, दारात स्कूटर आहे, आणि विरार-चर्चगेट गाडीत जागा मिळाली तर दीड तास बसून जाऊन दिवसभर पुन्हा बसायचे आहे. भात तेवढाच राहिला, रहाट गेला. यात कोणाचा दोष नाही. कष्ट कमी व्हावेत म्हणूनच आपल्या आई-बापांनी आपल्याला शिकवले. पण जे शरीराला वाडीतून फुकट मिळत होते ते आता मागून द्यावे लागेल.

देशाची स्थिती वेगळी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांसाठी तर चालणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांसारखे औषध नाही.

आता नेम कसा धरावा? याबाबत आपल्या परंपरेत एक मोठा जाणकार होऊन गेला. संत इग्नेशियस लोयोला मूळचे शिपाई. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते जन्मभर लंगडत चालले. अशा माणसाच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे ‘आध्यात्मिक व्यायाम’. पहिल्याच सूचनेत ते म्हणतात की चालणे, प्रवास करणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम तसे हे आत्म्याचे. सुरुवातीला मानरेसा गावी त्यांनी उपास आणि जागरणे यांचा इतका अतिरेक केला की प्रकृती कायमची बिघडली. पोटाचे दुखणे त्यांना शेवटपर्यंत होते. त्यातून ते शहाणे झाले. 1548 मध्ये फ्रान्सिस बोर्जा या सरदाराला, जे पुढे संत झाले, त्यांनी पत्र लिहून उपास कमी करायला आणि शरीर सांभाळायला सांगितले, कारण आत्म्याप्रमाणे शरीराचाही हिशेब देवाला द्यायचा आहे.

याच इग्नेशियसनी एक वहीची पद्धत सांगितली आहे. एखादा दोष काढायचा असेल तर एका वेळी एकच दोष घ्या. सकाळी उठताच त्याची आठवण करा. दुपारी आणि रात्री मागे वळून पाहा, किती वेळा चुकलो, आणि तेवढे ठिपके वहीतल्या रेघेवर द्या. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या सात जोड्या. मग आजची रेघ कालच्या रेघेशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहा. बस्स. त्यात ‘चुकलो तर सोडून द्या’ असे कुठेही नाही. चुकणार हे धरूनच ती वही आखली आहे. आणि तुलना शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्याच कालच्या दिवसाशी आहे.

ही वही आपण चालण्यासाठी उलटी वापरू. चुकल्याचा ठिपका देण्याऐवजी चाललो त्या दिवशी ठिपका. शंभर पानी वही पुरे. ती देव्हाऱ्यापाशी ठेवावी, जिथे संध्याकाळी प्रार्थनेला घर जमते. मोबाइलवर पावले मोजण्याची सोय आहे आणि ती वाईट नाही, पण मोबाइल उघडला की माणूस पावले मोजून परत येत नाही, असा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

पहिली गोष्ट, नेम लहान असावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीची हालचाल सांगितली आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पण ज्याने वर्षानुवर्षे पाऊल टाकले नाही त्याने पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या मागे लागू नये. पहिले दोन आठवडे रोज फक्त 10 मिनिटे. हसू आले तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यात 15, मग 20, मग 25, आणि सहाव्या आठवड्यात 30. म्हणजे झावळ्यांच्या रविवारापर्यंत आपण पूर्ण मापाला पोहोचतो. गती किती असावी? ‘नमो मरिये’ मोठ्याने म्हणता यावी, पण गायनमंडळाचे गीत गाता येऊ नये, इतपत. पाच दशकांची माळ म्हणायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेव्हा घड्याळ घरी ठेवले तरी हरकत नाही. पुढे सवय झाली की आठवड्यातून दोनदा स्नायूंना थोडे काम द्यावे: हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून शरीर पुढे-मागे नेणे. आपल्या म्हाताऱ्या माणसांची खुब्याची हाडे न्हाणीघरात पडून मोडतात. पायांत बळ असेल तर पडण्याची भीती कमी होते.

दुसरी गोष्ट, नेमाला वेळ आणि जागा ठरलेली असावी. ‘वेळ मिळेल तेव्हा चालेन’ म्हणणाऱ्याला वेळ कधीच मिळत नाही. ‘सकाळची मिस्सा संपली की चर्चच्या फाटकातून डावीकडे’, ‘रात्री ताटे उचलली की चॅपेलपर्यंत आणि परत’, असे नेमके ठरवा. आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला हा नवा नेम बांधला की तो ओढला जातो.

मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा गरगरल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे आणि मदत मागावी, लाजू नये. मधुमेहींनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. आणि बुधवारचा उपवास 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजाऱ्यांना ख्रिस्तसभेने त्यातून मोकळे ठेवले आहे. गोळी घेऊन उपाशी राहणे हे पुण्य नव्हे. काही जण योगासनांविषयी विचारतात. अंगाचा व्यायाम म्हणून त्यांत वावगे नाही. ध्यानपद्धतींविषयी रोमहून 1989 मध्ये आलेल्या पत्रातही चांगले ते घेण्यास मनाई नाही, ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप मात्र हरवू देऊ नका असा इशारा आहे. तरीही ज्यांचे मन कचरते त्यांनी चालावे. चालण्याला कोणाचीच हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण पडणार. आम्ही पडणार, तुम्ही पडणार. लग्नसराई येईल, मुलांच्या परीक्षा येतील, पावसाळा तर येईलच. 2010 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 96 जणांना रोज एकाच वेळी करायची एकेक साधी गोष्ट निवडायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिले. सर्वसाधारणपणे 66 दिवस लागले. कोणाला 18, कोणाला 254 च्या घरात. पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाची सवय जडायला जास्त दिवस लागले. पण आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटली: एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. ज्या दिवसाने आपण हताश होतो, तो दिवस मुळात नगण्य असतो. घात करतो तो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा विचार, की आता काय उपयोग.

हे आपल्याला नवे असायला नको. पापनिवेदनाला आपण महिन्या-दोन महिन्यांनी तीच ती पापे घेऊन येतो. कठड्याच्या अलीकडून ऐकताना आम्ही कधी असे म्हणत नाही की, तुम्ही मागच्या वेळी हेच सांगितले होते, आता येऊ नका. क्षमा मिळते आणि माणूस उठून बाहेर जातो. क्रूसाच्या वाटेवर प्रभू तीन वेळा पडतो अशी चौदांपैकी तीन स्थाने आपल्या पूर्वजांनी ठेवली. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी आपण दरवर्षी गुडघे टेकतो. तो प्रत्येक वेळी उठला म्हणून पुढचे स्थान आहे. चालण्याचा नेम मोडला तर त्यालाही इतकीच वागणूक द्या. वहीत ती जागा कोरी सोडा, खाडाखोड करू नका, आणि दुसऱ्या दिवशी ठिपका द्या. सोमवारची वाट पाहू नका. गुरुवारी चुकले तर शुक्रवारी.

आणि ईस्टरला थांबू नका. आपल्याकडे चाळीस दिवस मांस-मच्छी आणि दारू सोडलेला माणूस ईस्टरच्या दुपारी सगळे एकदम वसूल करतो हे आम्ही दरवर्षी पाहतो. रविवार धरून राखेच्या बुधवारपासून ईस्टर 46 दिवसांवर आहे, म्हणजे सवय मुरण्याआधीच आपण सुटतो. पण ख्रिस्तसभेचे पंचांग तिथे संपत नाही. पुढे पेंटेकॉस्टपर्यंत 49 दिवस आनंदाचा काळ आहे. दोन्ही मिळून 95. नेम पेंटेकॉस्टपर्यंत धरा. रविवारी विश्रांती घ्या, फक्त मिस्सेला जमेल त्याने पायी या.

घरच्यांशी दोन शब्द. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. एका रात्री त्यांच्या मठातला एक बंधू उपासाने व्याकूळ होऊन ओरडला, मी मरतो आहे. फ्रान्सिस उठले, त्यांनी पान मांडले, आणि त्या बंधूला एकट्याने खाताना लाज वाटू नये म्हणून स्वतः आणि बाकीचे सगळे त्याच्याबरोबर जेवायला बसले. आपल्या घरात मधुमेह झालेल्या पपांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा होतो आणि बाकीचे त्यांच्यासमोर बसून लाडू खातात. हे बरोबर नाही. एकाचा पथ्यपाणी असेल तर ताट सगळ्यांचे थोडे बदलावे. घरातला एक जण चालत असेल तर दुसऱ्याने त्याच्याबरोबर निघावे.

आणि बायकांना वेळ कोण देणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांच्या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत 42 टक्के तर स्त्रियांत 57 टक्के आहे. ‘घरकामातच व्यायाम होतो की’ असे पुरुष मंडळी आम्हाला सांगतात. ओट्यापाशी तीन तास उभे राहणे म्हणजे शीण, व्यायाम नव्हे. सकाळचे डबे, सासू-सासऱ्यांची औषधे, मुलांची शाळा यांतून त्या अर्धा तास बाहेर पडायच्या असतील तर तो अर्धा तास कोणीतरी त्यांच्या हातातून काम घेतले पाहिजे. धर्मग्रामातल्या नवऱ्यांनी प्रायश्चित्तकाळात दुसरे काही सोडले नाही तरी चालेल, हे करावे.

तरुण मुले जिममध्ये जातात त्याचे आम्हाला कौतुकच आहे. मात्र आरशासमोरचे फोटो आणि कोणी तरी दिलेल्या पावडरी यांपासून जपा. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ आरोग्याची काळजी घ्यायला सांगतो, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात शरीराची पूजा करू नका असेही सांगतो. पहिल्या शुक्रवारी आम्ही ज्या घरांत कम्युनियन घेऊन जातो तिथे अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. कूस बदलायलाही त्यांना मदत लागते. त्यांचा देह आपल्या देहाइतकाच पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, आणि त्या खोलीत शिरताना आम्हाला ते अधिक जाणवते. आपण चालायचे ते त्यांच्यापेक्षा वरचढ ठरण्यासाठी नव्हे. पाय आहेत, आणि ते आपले नाहीत, दिलेले आहेत, म्हणून चालायचे.

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा थकून एका झुडपाखाली पडतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, प्रवचनही देत नाही. दूत येऊन त्याला हलवतो, भाकर आणि पाण्याचा कुंभ दाखवतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. दूतही पुन्हा येतो: ऊठ, खा, पल्ला लांबचा आहे. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून देवाच्या डोंगरावर पोहोचतो. संत थॉमस यांनीही दुःखावरच्या उपायांत झोप आणि स्नान यांचा उल्लेख केला आहे. ज्यांच्या मनावर सध्या ओझे आहे, कर्जाचे, वियोगाचे किंवा निवृत्तीनंतरच्या रिकामपणाचे, त्यांनी वेळेवर जेवण आणि वेळेवर झोप एवढ्यापासूनच सुरुवात करावी. चालणे मग आपोआप येईल. एकट्याने निघवत नसेल तर कोणीतरी येऊन हलवायला हवे, आणि ते काम आपल्या शेजाऱ्यांचे आहे.

म्हणून असे ठरवले आहे. येत्या गुरुवारपासून सकाळची 6 ची मिस्सा संपल्यावर आम्ही फाटकापाशी थांबू. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. पहिले दोन आठवडे पाच मिनिटे जायचे आणि पाच मिनिटे परत. माळ म्हणत जाऊ, म्हणजे गप्पांत गती मंदावणार नाही. आम्ही आलो नाही तर आमच्या दारावर थाप मारण्याचा अधिकार सर्वांना आहे, विशेषतः वेदीसेवक मुलांना, त्यांना तो आवडेल. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्रामातले डॉक्टर सभागृहात रक्तदाब आणि साखर तपासतील. साखरेसाठी उपाशी येण्याची गरज नाही. वह्या कार्यालयात ठेवल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात.

चालण्याचे ते बूटही कार्यालयातच आहेत. नऊ नंबर, काळे, जवळजवळ न वापरलेले. ज्यांना लागत असतील त्यांनी बुधवारपर्यंत मागून घ्यावेत.